विश्लेषण : मॅनेजरच निर्माता झाला, तर विनोदवीराची बाजू कोण मांडणार?

जानेवारी १९९८ मध्ये अमेरिकी विनोदवीर गॅरी शँडलिंग यांनी आपले मॅनेजर ब्रॅड ग्रे यांच्यावर १० कोटी डॉलरचा दावा ठोकला. एचबीओवरील त्यांच्या गाजलेल्या ‘द लॅरी सँडर्स शो’चं शेवटचं पर्व तेव्हा यायचं होतं.

एजंट आणि मॅनेजर यांत फरक काय?

काम मिळवून देतो तो एजंट. कॅलिफोर्नियात त्याला लेबर कमिशनरचा परवाना लागतो. कमिशन साधारण १० टक्के. मॅनेजर करिअरची दिशा ठरवतो. कोणती मालिका घ्यायची, कोणती नाकारायची, हे सांगतो. त्याचं कमिशन बहुधा १० ते १५ टक्के, पण परवान्याची अट नाही. कायद्याने त्याने काम मिळवून द्यायचं नसतं. (ही रेषा किती पाळली जाते, हे हॉलिवूडला चांगलंच ठाऊक आहे.) मोठा फरक पुढेच आहे. कलाकार संघटनेच्या नियमांमुळे एजंटांच्या निर्मितीत उतरण्यावर बंधनं होती, मॅनेजरवर नव्हती.

विनोदी क्षेत्रात हे जास्त का?

स्टँडअप कलाकाराचा स्वभाव हाच त्याचा माल. मालिकाही त्याच्याभोवतीच बेतली जाते. क्लबच्या दिवसांपासून सोबत असलेला मॅनेजर मग सहज निर्मात्याच्या खुर्चीत बसतो.

शँडलिंग यांचा आक्षेप काय होता?

ग्रे त्यांच्या शोचे कार्यकारी निर्माते होते. आपल्या यशावर त्यांनी स्वतःची कंपनी मोठी केली आणि आपले लेखकही इतर मालिकांकडे वळवले, असा शँडलिंग यांचा आरोप होता. उदाहरणार्थ, शोचे लेखक पॉल सिम्स यांनी १९९५ मध्ये एनबीसीसाठी ‘न्यूजरेडिओ’ आणली; तिची निर्मिती ग्रे यांच्याच कंपनीची. खरी मेख इथे आहे. चांगला लेखक शोमध्ये टिकावा, हे कलाकाराचं हित. त्याच लेखकाची नवी मालिका विकली जावी, हे कंपनीचं हित. दोन्हीकडून एकच माणूस बोलणी करत असेल, तर कलाकाराला आपलं नुकसान कळणार कसं?

ग्रे यांनी आरोप फेटाळले आणि उलट दावा दाखल केला.

निकाल काय लागला?

लागलाच नाही. जुलै १९९९ मध्ये, सुनावणीच्या तोंडावर तडजोड झाली. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘द सोप्रानोज’चेही ग्रे कार्यकारी निर्माते होते आणि २००५ मध्ये ते पॅरामाउंट स्टुडिओचे प्रमुख झाले. कॅलिफोर्नियात मॅनेजरला परवाना आजही लागत नाही.