प्रोबची दुसरी तार

वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस उतरून गोखिवरे, सातिवली, वालीव या बाजूंस निघाले म्हणजे दुतर्फा ज्या औद्योगिक वसाहती लागतात, त्यांतील लहानमोठ्या गाळ्यांत अहोरात्र यंत्रे चालत असतात, आणि त्यांपैकी बहुतेक यंत्रांच्या पोटात, ज्याच्या हुकमाशिवाय मोटारीचा एक फेराही होत नाही, असा एक हिरवा फलक बसवलेला असतो. कामगार त्याला नुसते 'बोर्ड' म्हणतात. यंत्र अडले की अखेरीस तो बोर्ड निघून दुरुस्तीच्या टेबलावर येतो. आमच्या मुलखात एका बाजूस खाडी आणि मिठागरे, दुसऱ्या बाजूस अर्णाळ्यापासून पाचूबंदरापर्यंत पसरलेला समुद्र. त्या खाऱ्या हवेने तांब्याच्या रेषांवर जंगाल चढते, आणि पावसाळ्यात तर पाहायलाच नको. 2018 च्या जुलैत नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, त्यानंतरचे कित्येक आठवडे चिखलाच्या रेघा उमटलेले बोर्ड माझ्या टेबलावर येत होते.

अशा बोर्डाची तपासणी मल्टिमीटरने सुरू होते, पण तेथे संपत नाही. मल्टिमीटर विजेचा दाब किती आहे ते सांगतो. तो दाब क्षणाच्या लक्षांशात कसा चढला, कसा उतरला, मध्येच कोठे कापला, हे पाहावयाचे तर ऑसिलोस्कोपच हवा. 1897 मध्ये कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने ऋणकिरणांची नळी बनवून विजेच्या लहरींना दृश्य रूप दिले; आज ती जड नळी जाऊन जेवणाच्या डब्याहून थोडा मोठा स्कोप लहान कारागिराच्याही आवाक्यात आला आहे. उपकरण स्वस्त झाले, मात्र ते वापरण्याची शिस्त त्याच्याबरोबर पेटीत बांधून येत नाही, ही माझी खरी चिंता आहे.

स्कोप आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या प्रोबला दोन टोके असतात. एक सुईसारखे, ज्यावर सर्वांची नजर खिळलेली असते. दुसरे, वीतभर काळ्या तारेला लावलेली मगरतोंडी क्लिप, जी शिकाऊ मुलगा जवळच्या एखाद्या धातूच्या तुकड्याला सहज अडकवून देतो. इतक्या वर्षांच्या कामानंतर माझे मत असे बनले आहे, की माणसाचा जीव, बोर्डाचा जीव आणि पडद्यावरील चित्राचा खरेपणा ही तिन्ही सुईपेक्षा या दुसऱ्या तारेवर अधिक अवलंबून असतात.

याचे कारण असे. टेबलावरील नेहमीच्या स्कोपमध्ये ही क्लिप आतून स्कोपच्या धातूच्या सांगाड्याला, आणि तेथून तीन पिनांच्या प्लगमार्फत इमारतीच्या अर्थिंगला थेट जोडलेली असते. ती मोकळी तार नव्हे. ती जमीन आहे. उलट एसएमपीएसच्या, म्हणजे बोर्डाला वीज पुरवणाऱ्या स्विच-मोड पॉवर सप्लायच्या, ज्या भागात घरातील 230 व्होल्टांचा पुरवठा थेट रेक्टिफायरमध्ये शिरून सुमारे 325 व्होल्टांचा एकदिश दाब होतो, त्या भागाचा 'ग्राउंड' नकाशावर तसे चिन्ह धारण करीत असला, तरी तो जमिनीच्या पातळीवर नसून मुख्य पुरवठ्याला जोडलेला असतो. तेथे क्लिप लावणे म्हणजे मुख्य पुरवठ्याची तार जमिनीला टेकवणे होय. उमेदवारीच्या काळात मी स्वतः ते केले आहे: डोळ्यांपुढे निळा प्रकाश, जळक्या फायबरचा वास, आणि रेक्टिफायरच्या जागी काजळीचा डाग. हाताला इजा झाली नाही, हा केवळ योग होता.

या अपघातावर पुष्कळ ठिकाणी जो इलाज करतात, तो अपघाताहून भयंकर आहे. स्कोपच्या प्लगमधील अर्थिंगची पिन काढून टाकतात. मग क्लिप लावली तरी ठिणगी उडत नाही, हे खरे. परंतु आता स्कोपचा सांगाडा आणि त्याच्या उघड्या धातूच्या जोडण्या त्या जिवंत दाबावर येतात, आणि बटण फिरवायला गेलेला हात स्वतःच जमिनीची वाट होतो. योग्य तजवीज ती, की स्कोपचे अर्थिंग अबाधित ठेवावे आणि तपासावयाच्या बोर्डाला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमधून पुरवठा द्यावा, किंवा दोन बिंदूंमधील दाबाचा फरकच मोजणारा डिफरन्शियल प्रोब वापरावा. ट्रान्सफॉर्मर लावल्यावरही बेफिकीर होण्याची मुभा नाही. क्लिप लावताच तो भाग पुन्हा जमिनीशी बांधला जातो, परिपथाच्या दुसऱ्या टोकाला बोट लागले तर धक्का बसतोच, आणि गळतीचा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारा भिंतीवरील आरसीसीबी अशा वेळी मदतीस येत नाही. शिवाय पुरवठा तोडल्यानंतरही मोठा कपॅसिटर भरलेला राहतो: 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 325 व्होल्टांवर पाच जूलहून अधिक ऊर्जा साठवतो. काही किलोओहमांच्या दणकट रेझिस्टरमधून तो रिता करावा, मीटरने खात्री करावी, मगच हात घालावा. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडण्याचा शिरस्ता सोडून द्यावा.

आता सूक्ष्म घटकांकडे येऊ. कारागीर ज्याला 'शून्य-चार-शून्य-दोन' म्हणतात, तो रेझिस्टर एक मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद, म्हणजे खसखशीच्या दाण्याएवढा असतो. आयसीच्या दोन पायांच्या मध्यांतले अंतर कित्येकदा अर्ध्या मिलिमीटरचेच असते. चालू बोर्डावर हाताने सुई टेकवून नजर पडद्याकडे वळवली, की सुई घसरते, बारा व्होल्टांचा पाय सव्वातीन व्होल्टांच्या पायाला शिवतो, आणि जो आयसी मूळ बिघाडात वाचला होता तो तपासणीत मरतो. म्हणून पुरवठा बंद असतानाच सारी मांडणी करावी. घटकाच्या अंगावर सुई दाबू नये, कारण सिरॅमिक कपॅसिटरला न दिसणारी भेग पडते. त्याच रेषेवर जवळपास एखादा चाचणीबिंदू किंवा आरपार छिद्राचे कडे असेल तर ते शोधावे. तेही नसेल, तर केसासारखी बारीक इनॅमलची तार भिंगाखाली तेथे डागावी, ती उष्णतारोधक चिकटपट्टीने बोर्डावर पक्की करावी, म्हणजे ओढ बसली तर पट्टी ताण सोसते आणि तांब्याचा ठिपका उपटत नाही. मग प्रोब त्या तारेला जोडून पुरवठा सुरू करावा. खाऱ्या हवेपासून बचावासाठी बोर्डावर वार्निशचा थर दिलेला असेल, तर तो तेवढ्याच जागी खरवडावा आणि काम होताच पुन्हा द्यावा. सुईवर आवरण चढवून तिचे अगदी टोकच उघडे ठेवणे, ही चार आण्यांची खबरदारी मी कधी चुकवत नाही.

येथेही ती दुसरी तार पाठ सोडत नाही. तारेच्या प्रत्येक मिलिमीटरला सुमारे एक नॅनोहेन्री प्रेरकत्व असते; 15 सेंटिमीटरच्या क्लिपचे 150 नॅनोहेन्री आणि प्रोबच्या टोकाचे सुमारे 12 पिकोफॅरड एकत्र आले, की 120 मेगाहर्ट्झच्या आसपास ते आपले स्वतःचे दोलन सुरू करतात, आणि सरळ चढणाऱ्या लहरीच्या माथ्यावर बोर्डात नसलेला थरथराट दिसू लागतो. त्या खोट्या थरथराटापायी निर्दोष घटक बदललेले मी पाहिले आहेत. प्रोबबरोबर येणारी इवलीशी स्प्रिंग, जी पुष्कळ जण पिशवीतून बाहेरही काढत नाहीत, सुईलगत बसवून शेजारच्या ग्राउंडला टेकवली की हे भूत बहुतांशी नाहीसे होते. प्रोब 'दहापट'च्या खुणेवर ठेवावा, कारण 'एकपट'वर तो परिपथावर शंभर पिकोफॅरडांच्या घरातला भार टाकतो. क्रिस्टलसारख्या नाजूक ठिकाणी तर दहापटीचा भारही क्लॉकचे दोलन बंद पाडू शकतो. आणि दर खेपेस स्कोपवरील एक किलोहर्ट्झच्या चौकोनी लहरीवर प्रोबचा बारीक स्क्रू फिरवून कोपरे काटकोनात आणावेत. यास अर्धे मिनिटही लागत नाही.

पश्चिम रेल्वेने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर पहिला स्कोप घ्यायला निघालेल्या वसई-विरारच्या तरुण कारागिरांना माझी कळकळीची विनंती आहे: हातातल्या पैशांत स्कोप आणि आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर दोन्ही बसत नसतील, तर आधी ट्रान्सफॉर्मर घ्या, आणि स्कोपसाठी पुन्हा एकदा गाडी पकडा.