कागदाने खेळ शिकवायचा तर : नियमपुस्तिकांचा मागोवा

इराकमधल्या ऊर या प्राचीन शहरातल्या थडग्यांत लिओनार्ड वूली यांना १९२०च्या दशकात एक सुंदर पट सापडला. तो साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. पट मिळाला, सोंगट्या मिळाल्या, पण खेळायचे कसे हे सांगणारे कुणी उरले नव्हते. पुढे १९८०च्या दशकात ब्रिटिश म्युझियमचे आयर्विंग फिंकेल यांनी एका बाबिलोनी मातीच्या पाटीवरून नियम जुळवले. पाटी इ.स.पू. १७७च्या सुमाराची, म्हणजे पटापेक्षा दोन हजारांहून अधिक वर्षांनी धाकटी. शिवाय तिच्या लेखकाने वाचकाला खेळ येतोच असे गृहीत धरले होते, त्यामुळे बऱ्याच जागा फिंकेल यांना तर्काने भराव्या लागल्या. वाचकाला आधीच माहीत आहे असे समजून लिहिणे, हा नियमलेखनातला सर्वांत जुना दोष. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत तो दूर करण्यासाठी काय काय झाले, ते आठवून पाहण्यासारखे आहे.

सारीपाट असो की पचिसी, आपल्याकडे खेळ शिकायचा तो मोठ्यांच्या शेजारी बसून. चूक झाली की तिथल्या तिथे कुणीतरी हात धरायचे. हीच पचिसी एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत ‘पार्चिसी’ आणि इंग्लंडमध्ये ‘लुडो’ होऊन दुकानात गेली, तेव्हा शेजारी बसणारे माणूस मागे राहिले. त्याची जागा खोक्यातल्या कागदाला घ्यावी लागली.

हे काम किती अवघड आहे ते ‘मोनोपॉली’ने दाखवले. एलिझाबेथ मॅगी यांनी १९०४मध्ये ‘लँडलॉर्ड्स गेम’चे पेटंट घेतले. तो खेळ हाताने काढलेल्या पटांवरून, तोंडी नियमांवर पसरत आणि बदलत गेला. १९३५मध्ये पार्कर ब्रदर्सने तो ‘मोनोपॉली’ म्हणून छापील नियमांसह बाजारात आणला. जागेवर पोहोचलेल्या खेळाडूने ती विकत घेतली नाही, तर बँकेने लगेच तिचा लिलाव करायचा, असे त्या नियमांत आहे. कित्येक घरांत हा लिलाव होतच नाही. उलट दंडाचे पैसे पटाच्या मध्यावर साठवून ‘फ्री पार्किंग’वर येणाऱ्याला देण्याची प्रथा घरोघरी आहे, आणि ती नियमांत नाही. लिलाव नसल्यामुळे जागा विकल्या जायला वेळ लागतो, दंडाचे पैसे परत खेळात येतात आणि डाव लांबत जातो. मग खेळालाच कंटाळवाणा म्हटले जाते. नियम नुसता छापून भागत नाही. लोकांच्या तोंडी चाललेल्या नियमापेक्षा तो अधिक ठळक दिसावा लागतो.

दुसरा धडा युद्धखेळांनी दिला. १९५०च्या दशकात चार्ल्स रॉबर्ट्स यांनी अव्हलॉन हिल या कंपनीतर्फे हे खेळ बाजारात आणले. त्यांतल्या नियमांचे जंगल वाढत गेले, तसे जिम डनिगन आणि रेडमंड सायमन्सेन यांच्या एसपीआय संस्थेने नियमांना कायद्याच्या कलमांसारखे क्रमांक दिले. वाद झाला की कलम काढून दाखवता येऊ लागले. निवाड्याला ही रीत उत्तम होती, नवख्याला मात्र ती दारातच अडवायची. जॉन हिल यांच्या ‘स्क्वाड लीडर’ने १९७७मध्ये त्यावर तोड काढली : नियमांचा थोडा भाग वाचायचा, तेवढ्याच नियमांवर एक लढाई खेळायची आणि मग पुढचा भाग उघडायचा. मात्र १९८५मध्ये आलेली त्याची मोठी आवृत्ती पाने बदलता येतील अशा जाड फाइलमध्ये छापावी लागली.

याच काळात जर्मनीत कुटुंबाने मिळून खेळायच्या खेळांना बहर आला. ‘श्पील देस यारेस’ हा पुरस्कार १९७९पासून दिला जातो. त्याच्या निकषांत नियमांची मांडणी आणि सुबोधता यांचा स्पष्ट उल्लेख आहे. क्लाउस टॉयबर यांच्या ‘कटान’ने १९९५मध्ये शिकण्यासाठी छोटे नियम आणि शंका पाहण्यासाठी अक्षरक्रमाने लावलेली सूची वेगळी केली. नवख्यांनी पहिला डाव कसा मांडायचा, याचे तयार चित्रही दिले.

‘मॅजिक : द गॅदरिंग’ या १९९३च्या पत्त्यांच्या खेळापुढे अडचण निराळीच होती. प्रत्येक पत्ता स्वतःचा नियम घेऊन येतो आणि हजारो पत्ते एकमेकांना भिडतात. म्हणून पत्त्यावरचा मजकूर मूळ नियमावर मात करतो, असे तत्त्व ठरले. १९९९मध्ये परिणामांचा क्रमही बांधून दिला गेला : शेवटी खेळलेला परिणाम आधी लागू होतो. या खेळाची पूर्ण नियमावली आज दोनशेंहून अधिक पानांची आहे, तरी ती न उघडताच बहुतेक जण खेळतात. ती आहे वाद मिटवण्यासाठी.

२०१४च्या ‘इम्पीरियल असॉल्ट’सारख्या खेळांत ‘शिका’ आणि ‘संदर्भ’ अशा दोन स्वतंत्र पुस्तिकाच आल्या. ‘ग्लूमहेवन : जॉज ऑफ द लायन’ने २०२०मध्ये पहिल्या पाच मोहिमांतून टप्प्याटप्प्याने नियम शिकवले. ‘स्क्वाड लीडर’ची १९७७ची युक्ती अशी पुन्हा उपयोगी पडली.

या साऱ्यातून हाती काय लागले? पहिल्यांदा शिकणारा आणि डाव अडला म्हणून पाने चाळणारा, हे दोन वेगळे वाचक आहेत. पहिल्याला जिंकायचे कसे हे आधी हवे, मग मांडणी, मग आपल्या पाळीत काय करायचे ते. दुसऱ्याला नेमके उत्तर हवे, तेही एकाच जागी. दोघांसाठी एका वस्तूला एकच नाव शेवटपर्यंत टिकले पाहिजे. एका पानावर ‘सोंगटी’ आणि पुढच्या पानावर ‘मोहरा’ लिहिले की भांडण ठरलेले.

मराठीत नवे खेळ रचणाऱ्यांना म्हणूनच एक विनंती आहे. नियम मराठीतच लिहा. मग बंद खोका अनोळखी चौघांच्या हाती द्या, शेजारी बसा आणि डाव संपेपर्यंत एक शब्दही बोलू नका. ते जिथे अडतील, ते वाक्य पुन्हा लिहा.