खरिपाचा नफा कसा मोजावा?

सोयाबीन विकून शेतकऱ्याच्या हातीं पैसा आला, म्हणजे नफा झाला, असें शहरांत सहज समजलें जातें. परंतु कोणता खर्च वजा केला, हें आधीं विचारलें पाहिजे. बियाणें, खत, औषध, मजुरी इत्यादींसाठीं प्रत्यक्ष दिलेला पैसा हा पहिला खर्च. त्यांत घरच्या माणसांच्या श्रमाचें मोल मिळविलें कीं दुसरा. स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलाचें व्याज धरलें कीं तिसरा. २०२४-२५ च्या खरिपासाठीं केंद्र सरकारनें सोयाबीनचा दुसरा खर्च क्विंटलला ३,२६१ रुपये धरून हमीभाव त्याच्या दीडपट, म्हणजे ४,८९२ रुपये, ठरविला. तिसऱ्या हिशेबानें हा नफा बराच आकसतो. त्या हंगामांत बाजारभाव तर पुष्कळ ठिकाणीं हमीभावाच्याहि खालीं राहिला.

शिवाय खर्च होतो एकराला, भाव मिळतो क्विंटलला. पावसानें दडी मारून पीक निम्में आलें, तर क्विंटलचा खर्च जवळजवळ दुप्पट होतो. मग हमीभावानेंहि घरच्यांची पुरी मजुरी सुटत नाहीं. म्हणून नफ्याचा आंकडा ऐकतांना, घरच्या बाईचा निंदणीचा दिवस त्यांत धरला आहे काय, एवढें अवश्य पाहावें.