सणाची सुट्टी आणि धंद्याचा हिशेब

सलग तीन वर्षे ईद-ए-मिलादची सरकारी सुट्टी महाराष्ट्रात छापील तारखेवरून हलली. २०२३ साली मिलाद आणि अनंत चतुर्दशी २८ सप्टेंबरला एकाच दिवशी आली. विसर्जनाच्या मिरवणुका आणि मिलादचा जुलूस एकाच वेळी रस्त्यावर आले तर गर्दी आवरणार नाही, हे ओळखून खिलाफत कमिटीने मुंबईचा जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचे ठरवले, शासनाकडे विनंती केली आणि सुट्टी २९ तारखेला गेली. २०२४ साली विसर्जन १७ सप्टेंबरला होते, म्हणून १६ ची सुट्टी मुंबई शहर व उपनगर या दोन जिल्ह्यांपुरती १८ ला नेण्यात आली. २०२५ साली विसर्जन ६ सप्टेंबरला आले आणि याच दोन जिल्ह्यांत ५ तारखेची सुट्टी ८ तारखेला गेली.

या समजूतदारपणाचे सर्वत्र कौतुक झाले आणि ते योग्यच होते. रस्ता दोघांचा आहे, तेव्हा एकाने एक दिवस थांबावे यात कमीपणा नाही. परंतु व्यापाराच्या या पानावर आम्हाला त्याच गोष्टीची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. सुट्टी हलली की हिशेबही हलतो, आणि त्याची झळ मोठ्या पेढीपेक्षा लहान दुकानदाराला व रोजंदारीवरच्या माणसाला जास्त लागते.

२०२४ चेच उदाहरण घ्या. ज्याचे दुकान कुर्ल्याला आणि गोदाम भिवंडीला, त्याच्या दुकानाची बँक १८ तारखेला बंद आणि गोदामाची १६ तारखेला, कारण भिवंडी ठाणे जिल्ह्यात येते आणि तेथे जुनीच तारीख कायम होती. एकाच आठवड्यात दोन दिवस काम अडले. दुसरीकडे मुंबईतील एखाद्या कचेरीत नोकरी करणाऱ्या मुसलमान बांधवाला मिलादच्या दिवशी कामावर जावे लागले आणि सुट्टी मिळाली ती दोन दिवसांनी. मिलाद साजरा करण्याच्या रीतीबद्दल आपल्यात मतभेद आहेत, त्यात आम्ही शिरत नाही. पण ज्याला तो दिवस घरी दुआ-दरूदमध्ये घालवायचा होता, त्याला जुलूसाच्या सोयीसाठी हलवलेल्या सुट्टीचा उपयोग नव्हता. त्याला पदरची रजा टाकावी लागली.

चंद्र एका दिवसापुरताच अनिश्चित

यावर नेहमी दिले जाणारे उत्तर असे की, आपले सण चंद्रावर अवलंबून असल्याने आधी काही सांगता येत नाही. हे उत्तर पूर्ण खरे नाही. चंद्रदर्शनाने फरक पडतो तो एका दिवसाचा. बाकी सारे कित्येक वर्षे आधी कागदावर मांडता येते.

हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते, म्हणून आपले सण दरसाल सुमारे ११ दिवसांनी अलीकडे येतात. हिंदू पंचांगातील महिनेही चंद्राचेच आहेत, पण त्यात दोन-तीन वर्षांनी एक अधिक महिना घालून ऋतूंशी मेळ राखला जातो. त्यामुळे होते असे की, एखादा इस्लामी महिना आणि एखादा मराठी महिना दोन-तीन वर्षे जोडीने चालतात आणि अधिक महिना आला की जोडी सुटते. २०२२ साली १० जुलैला आणि २०२३ साली २९ जूनला आषाढी एकादशी व बकरी ईद एकाच दिवशी आल्या. २०२३ च्या अधिक श्रावणाने ती जोडी सुटली आणि रबी-उल-अव्वल व भाद्रपद यांची जुळली. बारा रबी-उल-अव्वल आणि भाद्रपद शुद्ध चतुर्दशी तीन वर्षे शेजारीशेजारी आल्या त्या यामुळे. २०२६ च्या अधिक ज्येष्ठाने ही जोडीही सुटते. याचा अर्थ, २०२५ साली काय होणार हे २०२३ सालीच कळत होते. तरीही सुट्टी बदलल्याचा आदेश निघाला तो दोन-तीन दिवस आधी.

जेथे प्रश्न खरोखर चंद्राचा असतो तेथे धावपळ टळत नाही. २०२३ ची बकरी ईद २८ जूनला धरून याद्या छापल्या गेल्या होत्या. चंद्र एक दिवस उशिरा दिसला, ईद २९ ला ठरली आणि राज्य शासनाने सुट्टी हलवली. त्यामागोमाग शेअर बाजाराने आपली सुट्टी २८ वरून २९ वर नेली आणि जून महिन्याच्या वायदे करारांची मुदत २९ ऐवजी २८ ला संपवली. एका चंद्राने दलाल स्ट्रीटचेही वेळापत्रक बदलले. मोहम्मद अली रोडवरचा सुकामेवावाला, शिलाईवाला, बांगडीवाला यांना ही गोष्ट नवी नाही. एकोणतिसाव्या रोज्याला चंद्र दिसला तर चाँद रातीचा धंदा एक दिवस अलीकडे येतो, न दिसला तर विक्रीला एक दिवस जास्त मिळतो. त्या बेताने माल भरण्याची सवय त्यांच्या हाडीमासी मुरली आहे.

कायदा काय म्हणतो

सरकारी सुट्टी ही मुळात धर्माने दिलेली नसून व्यवहाराच्या कायद्याने दिलेली आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. राज्य शासन दरवर्षी सुट्ट्यांची यादी जाहीर करते ती परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम २५ खाली. हुंडी, वचनचिठ्ठी आणि धनादेश यांचा हा कायदा आहे. इंग्रजांच्या अमदानीत या कलमात रविवारखेरीज नववर्षदिन, नाताळ आणि गुड फ्रायडे यांचीच नावे घातलेली होती. स्वतंत्र भारताने १९५५ साली ती नावे वगळली. रविवार तेवढा राहिला, बाकी दिवस सरकारने अधिसूचनेने ठरवावेत असे झाले. केंद्राने ८ मे १९६८ च्या अधिसूचनेने हा अधिकार महाराष्ट्र शासनाकडे सोपवला. एका धर्माचे सण कायद्यात कोरलेले होते ते काढून सर्वांना एकाच यादीत आणले गेले, याला आम्ही धर्मनिरपेक्षतेचे एक शांत पाऊल मानतो. आज महाराष्ट्राच्या यादीत रमजान ईद, बकरी ईद, मोहरम आणि ईद-ए-मिलाद आहेत. महावीर जयंती, बुद्ध पौर्णिमा, गुरू नानक जयंती, गुड फ्रायडे, नाताळ आणि पारशी नववर्षही आहे.

याच कलमातील एक गोष्ट व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवावी. हुंडी किंवा वचनचिठ्ठीची मुदत सुट्टीच्या दिवशी भरत असेल तर पैसे सुट्टीनंतर द्यायचे नसतात. ते आधीच्या कामकाजाच्या दिवशी देय होतात. पुष्कळजण उलटे समजतात, कारण सरकारी कचेरीत वा न्यायालयात कागद दाखल करण्याची मुदत सुट्टीच्या दिवशी संपली तर ती पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत चालते. दोन्ही नियम वेगळे आहेत.

सुट्टी हा हक्क आहे काय? जानेवारी २०२२ मध्ये दादरा व नगर हवेलीच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की, सार्वजनिक सुट्टी हा कुणाचा मूलभूत किंवा कायदेशीर हक्क होत नाही. ती सरकारच्या धोरणाची बाब आहे. २२ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येच्या कार्यक्रमानिमित्त राज्याने दिलेल्या सुट्टीविरुद्धचा अर्जही याच न्यायालयाने फेटाळला. तेव्हा सुट्टी आज आहे म्हणून ती कायमची आहे असे धरून चालू नये. १९९० साली विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारने मिलादची सुट्टी देशभर दिली; २०१७ साली उत्तर प्रदेश सरकारने ज्या पंधरा सुट्ट्या आपल्या यादीतून काढल्या त्यांत जयंत्यांच्या बरोबर मिलादही होता.

सुट्टी असूनही काम चालू राहण्याचे प्रसंग येतात. २०२५ साली रमजान ईद नेमकी ३१ मार्चला, म्हणजे हिशेबाच्या वर्षअखेरीस आली. रिझर्व्ह बँकेने सरकारी भरणा घेणाऱ्या शाखा त्या दिवशी उघड्या ठेवायला सांगितल्या आणि आयकर कचेऱ्याही उघड्या राहिल्या. काही बांधवांना हे खटकले. पण त्याआधीच्या वर्षी, २०२४ साली, ३१ मार्चला ईस्टरचा रविवार होता आणि तेव्हाही याच शाखा उघड्या होत्या. आयकर कचेऱ्या तर गुड फ्रायडेलाही चालू होत्या. नियम सर्वांना सारखा लागला तर तक्रारीला जागा नाही. प्रश्न एवढाच की, त्या दिवशी काउंटरवर कोण बसले? ईदच्या दिवशी मुसलमान कारकुनाऐवजी दुसरा आणि दिवाळीला दुसऱ्याऐवजी मुसलमान, अशी अदलाबदल खात्यातल्या खात्यात करता येते आणि पुष्कळ ठिकाणी ती होतेही.

इतर देशांत

धर्म आणि राज्य यांची काटेकोर फारकत सांगणाऱ्या फ्रान्समध्ये ११ सरकारी सुट्ट्या आहेत. त्यांपैकी निम्म्याहून अधिक ख्रिस्ती सणांच्या असून ईदची एकही नाही. २००३ साली तेथील सरकारने नेमलेल्या स्तासी आयोगाने बकरी ईद आणि यहुद्यांचा योम किप्पुर या दिवशी शाळांना सुट्टी द्यावी अशी शिफारस केली, ती मान्य झाली नाही. उलट न्यूयॉर्क शहराने २०१५ पासून दोन्ही ईदना सरकारी शाळा बंद ठेवायला सुरुवात केली आणि पुढे दिवाळीचीही सुट्टी दिली. सुट्टी नाकारल्याने राज्य निधर्मी होते असे नाही. बहुसंख्याकांची सुट्टी तेवढी "राष्ट्रीय" म्हणून राहते. आपल्याकडची सर्वांना थोडे थोडे देण्याची पद्धत आम्हाला अधिक न्याय्य वाटते. मात्र ती टिकवायची असेल तर तिचा भार सर्वांनी उचलायला हवा.

आपली जबाबदारी

हा भार उचलण्याची सुरुवात आपल्या दुकानापासून व्हावी. जुम्याबद्दल कुरआनची शिकवण पाहा. सूरह जुमामध्ये अजान झाल्यावर खरेदी-विक्री सोडून नमाजकडे येण्यास सांगितले आहे आणि नमाज आटोपल्यावर पुन्हा पांगून रोजी शोधण्यास मोकळीक दिली आहे. इबादतीला वेळ हवा, पण तिच्या नावाने धंदा दिवसभर बंद ठेवा असा हुकूम नाही. मालेगावचे यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात ती गावाची सोय आहे. मुंबईच्या बाजारात शुक्रवारी दुपारी तासभर शटर खाली करूनही तेच साधते.

दुसरे उदाहरण पंढरपूरचे. २०२३ साली आषाढीच्याच दिवशी बकरी ईद आली तेव्हा पंढरपूरच्या आणि राज्यातील अनेक गावांच्या मुसलमानांनी त्या दिवशी कुर्बानी न करण्याचे ठरवले. कुर्बानीला दहा ते बारा जिलहिज असे तीन दिवस असतात. नमाज वेळेवर झाली, कुर्बानी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी झाली. शरीअतने जेथे सवड ठेवली आहे तेथे ती वापरण्यात दीनही सांभाळला जातो आणि शेजारही.

आणि आपण मालक असू तेव्हा काय करतो? आपल्या कारखान्यात, हॉटेलात, गाळ्यात मुसलमानेतर कामगार असतात. त्यांना दिवाळी, गणपती, १४ एप्रिल या दिवसांची भरपगारी सुट्टी आपण मागितल्याशिवाय देतो काय? जी गोष्ट आपल्याला कचेरीत मिळावी असे वाटते, तीच आपल्या गल्ल्यावरून देता आली पाहिजे. मजुराचा मोबदला त्याचा घाम सुकण्याआधी द्या, अशी शिकवण असलेल्या समाजाला हे वेगळे सांगायला नको.

कायद्यानेही वाट करून ठेवली आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ प्रमाणे, ज्या आस्थापनांना तो पुरता लागू आहे तेथे कामगाराला वर्षाला आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या मिळतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी आपसात ठरवायच्या. या चार दिवसांबद्दल बहुतेक ठिकाणी बोलणीच होत नाहीत आणि ऐनवेळी वाद होतो.

म्हणून आमच्या सूचना अशा. शासनाने डिसेंबरातच पुढील दोन वर्षांतील सणांची टक्कर पाहून संबंधित कमिट्यांना बोलवावे, आणि सुट्टी हलवायची असेल तर किमान महिनाभर आधी, शक्यतो सर्व लगतच्या जिल्ह्यांसाठी एकच निर्णय द्यावा. सुट्टी जुलूसासाठी हलली तर मूळ दिवशी मागेल त्या मुसलमान कर्मचाऱ्याला बदली सुट्टी मिळावी. जुलूस काढणाऱ्या कमिट्यांनीही आपला निर्णय मोहरमच्या सुमारास जाहीर करावा. रबी-उल-अव्वल उजाडण्याची वाट पाहू नये. व्यापारी बांधवांनी मालाच्या ऑर्डरीत व उधारीच्या चिठ्ठीत ईदच्या आठवड्यातील तारीख घालूच नये. दोन दिवस अलीकडची घालावी. आणि प्रत्येक मालकाने येत्या ३१ डिसेंबरपूर्वी कामगारांना एकत्र बसवून ते चार दिवस लिहून काढावेत. त्यांत ईद असेल तर तारखेपुढे "चंद्रदर्शनानुसार" एवढा एक शब्द घालावा, सर्वांच्या सह्या घ्याव्यात आणि कागद भिंतीवर लावावा.