गोव्याची गाडी, सांवेरची धूळ

अंगणात जुनं वर्तमानपत्र पसरून त्यावर मी चार स्पार्क प्लग ओळीने मांडतो. सिलिंडर एक, दोन, तीन, चार. क्रम चुकवायचा नाही. शेजारचे दादा ट्रॅक्टर धुताधुता विचारतात, "क्यों भिया, आज फिर खिलौना खोल लिया?"

खेळणं म्हणजे माझी सॅन स्टॉर्म. दोन माणसांची, फायबरच्या बॉडीची, गोव्यात तयार झालेली गाडी. १९९८ च्या सुमारास ती बाजारात आली तेव्हा आपल्याकडे अशी दुसरी गाडी जवळजवळ नव्हतीच. दिसायला स्पोर्ट्स कार, पण बॉनेटखाली रेनोचं साधं ११४९ सीसीचं इंजिन, ताकद ६० हॉर्सपॉवरच्या आसपास. इंदूरकरांना मोटारीचं वेड नवं नाही. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० च्या दशकात अमेरिकन ड्युसेनबर्गवर इंग्लंडच्या गर्नी नटिंगकडून दोन आसनांची बॉडी चढवून घेतली होती. मी सांवेर रोडच्या कारखान्यात लेथवर आयुष्य काढलेला माणूस. मला सेकंडहँड स्टॉर्म पुरली.

छोट्या स्पोर्ट्स कारवाल्याची फसगत 'स्पोर्ट्स' या शब्दात होते. दुकानात गेलं की रेसिंग तेल, रेसिंग फिल्टर, रेसिंग प्लग समोर येतात. इंजिन मात्र बाजारहाटाच्या गाडीचं आहे, आणि त्याला धावायचंय सांवेर ते इंदूर, तीसेक किलोमीटर, बाणगंगेच्या गर्दीतून. म्हणून मी आधी जुन्या प्लगांना विचारतो.

प्लगचं टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, किंवा प्लग गरजेपेक्षा थंड आहे. ओलसर, तेलकट काळेपणा म्हणजे तेल वर चढतंय. तिथे प्लग बदलून उपयोग नाही, रिंग नाहीतर व्हॉल्व्ह सील बघावं लागतं. पांढरंफटक, फोड आलेलं टोक दिसलं तर गाडी चालवणं थांबवायचं.

'थंड' आणि 'गरम' हे ठिणगीबद्दल नसतं, त्याने फार जण फसतात. टोकाला आलेली उष्णता प्लग किती लवकर सिलिंडर हेडमध्ये सोडून देतो, त्याचं ते माप. टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर राहिलं तर काजळी आपोआप जळते. ८०० च्या पुढे गेलं तर ठिणगीआधीच मिश्रण पेटायला लागतं. या दोन आकड्यांच्या मध्ये राहणारा प्लग तो आपला. आता गंमत बघा. एनजीकेच्या प्लगवर आकडा वाढला की प्लग थंड होतो, बॉशच्या प्लगवर आकडा वाढला की गरम. माझ्या भाच्याने हौसेने 'मोठ्या नंबरचे' एनजीके आणून बसवले. रिकाम्या रस्त्यावर गाडी बरी चालली, पण इंदूरच्या सिग्नलांवर रेंगाळली की फटफट करायला लागायची. आठवड्याभरात चारही प्लग काळे.

एनजीकेच्या बीपीआर६ईएस या नेहमीच्या नंबरात बी म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे, आर म्हणजे रेझिस्टर, सहा हा उष्णतेचा आकडा, ई म्हणजे १९ मिलिमीटर लांबी. लांबी चुकली तर टोक पिस्टनला लागू शकतं. माझ्या गाडीचा नंबर वेगळा आहे, तुमच्या गाडीचा तुमच्या मॅन्युअलमध्ये सापडेल. इरिडियमचा प्लग जास्त टिकतो हे खरं. हा धातू २४०० अंशांच्या वर वितळतो, त्यामुळे टोक बारीक ठेवता येतं. पण त्याने ६० चे ८० हॉर्सपॉवर होत नाहीत. आणि फट जुळवायला नाणं घालून ते बारीक टोक दुखवायचं नाही. प्लग गार इंजिनात हाताने शेवटपर्यंत फिरवायचा, मग नव्या वायसरसाठी पान्याने अर्धा फेरा. लेथवाल्याचं ऐका, ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की हेड उतरवण्यापर्यंत पाळी येऊ शकते.

तेलाबद्दल इथे प्रत्येकाचं मत तयार असतं. गॅरेजवाला उस्ताद म्हणतो, जुनी गाडी, २०डब्ल्यू-५० टाका. दादा तर ट्रॅक्टरच्या बादलीतलंच द्यायला निघतात. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा तेल थंडीत किती वाहतं ते सांगतो, नंतरचा १०० अंशांवर किती दाट राहतं ते. मालव्यात मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, पण जानेवारीच्या पहाटे सात-आठवर उतरतो, आणि इंजिनाची झीज जास्त होते ती गार असताना सुरू करण्याच्या त्या पहिल्या क्षणांत. म्हणून मी १०डब्ल्यू-४० घालतो. दाट तेलाने जुन्या इंजिनाचा आवाज दबतो, झीज भरून येत नाही. डब्यावरच्या एपीआयच्या अक्षरांत एस पेट्रोलसाठी, सी डिझेलसाठी. एसएन २०१० मधलं, एसपी २०२० मधलं. डिझेलच्या तेलात फॉस्फरस जास्त असू शकतो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला तो सोसत नाही, म्हणून दादांची बादली नम्रपणे परत. मोटारसायकलचं जासो एमए तेलही नको. ते तेलात बुडालेल्या क्लचसाठी असतं, आपला क्लच कोरडा.

गाडी कमी फिरते म्हणून तेल दोन-दोन वर्षं ठेवणारे भेटतात. उलट आहे. गावातल्या गावात फिरलं की तेल पुरतं तापत नाही, पाणी आत साठतं. पावसाळ्यात तेलाचं झाकण उघडलं की आतून पिवळट साय दिसते ती हीच. अशी साय दिसली की मी उज्जैनपर्यंत जाऊन येतो. गाडीचं औषध, माझं महाकालाचं दर्शन. तरीही साय राहिली, वर रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल, तर हेड गास्केटची शंका घ्यावी. वर्षाला तेल बदलतोच, किलोमीटर कितीही असोत.

ऑइल फिल्टर प्रत्येक तेलाबरोबर नवा. आटे बसले म्हणजे फिल्टर बसला असं नाही. रबरी कड्याचा व्यास, आतल्या बायपास व्हॉल्व्हचा दाब आणि बंद इंजिनातून तेल परत ओघळू न देणारा पडदा, तिन्ही जुळावे लागतात. एकदा स्वस्तातला घेतला होता. रोज सकाळी तेलाचा दिवा दोन-तीन सेकंद जास्त रेंगाळायला लागला. कापून पाहिला तर तो पडदा कडक पुठ्ठ्यासारखा.

पण खरी परीक्षा हवेच्या फिल्टरची. एक लिटर पेट्रोल जाळायला इंजिन सुमारे ९,००० लिटर हवा ओढतं. ती हवा सांवेरची असेल तर तिच्यात काळ्या मातीची भुकटी, सोयाबीनच्या मळणीचा भुसा आणि २०२८ च्या सिंहस्थासाठी रुंद होत असलेल्या उज्जैन रस्त्याची खडी असते. धुऊन वापरायचा तेल लावलेला कॉटनचा फिल्टर मीही बसवला होता. आवाज दमदार झाला, त्याचा आनंद झाला हे कबूल. मळणी संपल्यावर फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे इंजिनकडच्या नळीत बोट फिरवलं. बोटाला राखाडी पीठ लागलं. मोकळा श्वास देणारा फिल्टर बहुधा बारीक धूळही मोकळी सोडतो, आणि त्या धुळीतले सिलिकाचे कण सिलिंडरला पॉलिश पेपरसारखे घासतात. तेव्हापासून साधा कागदी फिल्टर. फुंकणीचा जोर मारून तो साफ करत नाही, कागद फाटतो. नुसता झटकतो आणि मळणीनंतर बदलतो.

आज चारही प्लग तपकिरी निघाले, तिसरा जरा गडद. पुढच्या वेळी आधी तोच काढायचा, म्हणून वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर तारीख घालून लिहून ठेवलं. तोवर दादांनी ट्रॅक्टर सुरू केला आणि अंगणभर धूळ उडाली. मी धावत जाऊन चारही भोकांत कापडाचे बोळे कोंबले.