कर्करोगाचे उपचार आणि नोकरी: काही गैरसमज

कर्करोगाचे निदान झाले की पहिल्या आठवड्यातच राजीनामा देऊन मोकळे होणारे नोकरदार पुष्कळ असतात. उपचार आणि नोकरी एकत्र चालूच शकत नाहीत, हा त्यामागचा समज. काहीजण उलट टोकाला जातात आणि कुणालाही काही न सांगता, काहीही न बदलता काम रेटू पाहतात. दोघांच्याही लक्षात एक गोष्ट आलेली नसते: बहुतेक उपचारांना वेळापत्रक असते, आणि ते डॉक्टरांकडून लिहून घेता येते.

केमोथेरपी रोज नसते. पुष्कळ औषधांच्या फेऱ्या दर 14 किंवा 21 दिवसांनी असतात, काहींच्या दर आठवड्याला. 21 दिवसांच्या फेरीत पहिले तीन-चार दिवस मळमळ असते, अन्नावरची वासना उडते. तिसऱ्या आठवड्यात माणूस बराच सावरतो. फसवा असतो तो मधला आठवडा. मळमळ थांबलेली असते, चेहऱ्यावर तरतरी आलेली असते. पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी साधारण याच सुमारास सर्वांत कमी असतात आणि जंतुसंसर्गाचा धोका सर्वांत जास्त. आता बरे वाटतेय म्हणून गर्दीची लोकल पकडण्याची ही वेळ नव्हे. घरून काम होत असेल तर ते याच दिवसांसाठी मागावे. ताप 100.4 फॅरनहाइटपर्यंत गेला तर क्रोसिन घेऊन ऑफिस गाठायचे नसते, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे असते. अर्थात औषध, वय आणि कामाचे स्वरूप यांप्रमाणे हे चित्र बदलते. टेबलावरच्या कामाला जे जमते, ते भट्टीपुढे उभ्या असलेल्या कामगाराला जमेलच असे नाही.

रेडिएशनचे गणित वेगळे. ते बहुधा सोमवार ते शुक्रवार रोज असते. यंत्राखालचा वेळ काही मिनिटांचा, पण प्रवास आणि रांग यांत अर्धा दिवस जातो. स्तनाच्या कर्करोगात पूर्वी पाच आठवडे चालणारे रेडिएशन आता अनेक रुग्णांना तीन आठवड्यांत, 15 वेळा दिले जाते. सकाळची पहिली वेळ मिळाली तर उरलेला दिवस कामाला मिळतो. मुंबईतल्या लोकलमध्ये दिव्यांगांसाठी राखीव असलेल्या डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांनाही प्रवास करता येतो, हे कित्येक रुग्णांना उपचार संपेपर्यंत कळत नाही.

ऑफिसातले गैरसमज बहुधा डबा खाताना दिसतात. शेजारची खुर्ची जरा लांब सरकते, पाण्याचा पेला वेगळा ठेवला जातो. कर्करोग संसर्गजन्य नाही. डब्यातली भाजी वाटून खाल्ल्याने तो होत नाही. यंत्रातून बाहेरून रेडिएशन घेतलेल्या माणसाच्या अंगातून किरण निघत नाहीत. थायरॉइडच्या कर्करोगासाठी किरणोत्सारी आयोडीन दिले असेल तर मात्र काही दिवस इतरांपासून अंतर राखावे लागते, आणि ते किती दिवस हे रुग्णालयच सांगते. खरी काळजी उलट बाजूची आहे: शिंकणाऱ्या सहकाऱ्यापासून रुग्णाला धोका असतो.

कायद्याबद्दल तर भलतेच समज पसरलेले आहेत. ब्रिटनमध्ये 2010 च्या समानता कायद्यानुसार कर्करोगाचे निदान झाल्यापासूनच त्या व्यक्तीला अपंगत्वाचे कायदेशीर संरक्षण मिळते. तिकडची माहिती वाचून इथेही तसेच असेल असे धरून चालणे चुकीचे. भारताच्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कर्करोग हा स्वतः अपंगत्वाच्या यादीत नाही. त्यातून आलेले कायमचे अपंगत्व मात्र बसू शकते. स्वरयंत्र काढल्यामुळे गेलेल्या वाचेचा तर त्यात स्पष्ट उल्लेख आहे. तंबाखूमुळे होणाऱ्या घशाच्या कर्करोगाचे प्रमाण पाहता हा तपशील किरकोळ नाही. नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या पदावर सामावून घ्यावे लागते. खासगी कंपनीला हे कलम लागू नाही.

ज्याच्या पगारातून ईएसआयचे 0.75 टक्के कापले जातात, त्याच्या हातात मात्र बरेच काही असते. साध्या आजारपणात 70 टक्के वेतन वर्षात 91 दिवसांपर्यंत मिळते. कर्करोगासारख्या दीर्घ आजारात ते 80 टक्के होते आणि एकूण दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. मात्र त्याआधी दोन वर्षांची विमाकृत नोकरी आणि त्या काळातले किमान 156 दिवसांचे अंशदान लागते. घाईने दिलेला राजीनामा म्हणूनच महागात पडतो. नोकरीबरोबर कंपनीचा सामूहिक आरोग्य विमाही जातो. तो वैयक्तिक पॉलिसीत बदलून मिळेल का, हे राजीनाम्याआधी विमा कंपनीला विचारायचे असते. ग्रॅच्युइटीला एरवी लागणारी पाच वर्षांची अट अपंगत्वामुळे नोकरी संपल्यास लागत नाही, आणि आजारपणासाठी भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम परत भरावी लागत नाही.

आजाराचे नाव सगळ्या ऑफिसला सांगण्याचे बंधन नाही. वैद्यकीय रजेचे कागद ज्या टेबलावर जातात तिथे ते कळणार. इतरांना किती सांगायचे हे रुग्णाने ठरवावे. थेट वरिष्ठाला मात्र आजाराचा तपशील नाही तरी तारखा सांगाव्यात, कारण बदली माणूस तारखांवरून ठरतो.

शेवटचे रेडिएशन झाले की दुसऱ्या सोमवारपासून सारे पूर्ववत, हा घरच्यांचा आणि साहेबांचा लाडका समज. उपचारांचा थकवा झोप काढून जात नाही आणि महिनोन्‌महिने रेंगाळू शकतो. रोजचे चालणे आणि बेताचा व्यायाम यांनी तो कमी होतो. पॅक्लिटॅक्सेल किंवा ऑक्सॅलिप्लाटिन घेतलेल्यांच्या बोटांना मुंग्या येतात, सदऱ्याचे बटण लागत नाही, कीबोर्डवर चुका होतात. काहींना नावे आणि आकडे आठवत नाहीत. हा कामचुकारपणा नव्हे. आधी अर्धा दिवस, मग हळूहळू पूर्ण वेळ अशी सुरुवात त्यामुळेच सोयीची पडते. स्तनाच्या कर्करोगात अनेकींना पुढे पाच ते दहा वर्षे गोळी घ्यावी लागते. तिच्यासाठी रजा लागत नाही. रजा लागते ती दर काही महिन्यांनी होणाऱ्या तपासणीसाठी, आणि तिची तारीख बरीच आधी माहीत असते.