साप चावलेल्या पेशंटला ‘पुण्याला न्या’ म्हटलं, तर डॉक्टर कायद्यात अडकतो का?

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यात साप दोन तऱ्हांनी गाठतो. पूर्वेला नारायणगाव-मंचर पट्ट्यात ऊस आणि टोमॅटो. शेतीची लाईट रात्रीची असली की माणूस बॅटरी घेऊन पाणी धरायला जातो आणि अंधारात घोणशीवर पाय पडतो. पश्चिमेला भीमाशंकर, नाणेघाटाकडच्या वाड्यांमध्ये पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्यांच्या अंथरुणात मण्यार शिरते. मण्यारीचा दंश दुखतही नाही. पहाटे पोटात कळ येते, घरचे पित्त समजतात आणि थोड्या वेळानं पापण्या उघडेनाशा होतात.

पेशंट आधी पोचतो तो जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा छोट्या दवाखान्यात. तिथं डॉक्टरसमोर प्रश्न उभा राहतो: अँटी स्नेक व्हेनम, म्हणजे सापाची लस, इथंच सुरू करायची की चिठ्ठी लिहून पुण्याला पाठवायचं?

पाठवून देण्याचा मोह समजण्यासारखा आहे. ही लस घोड्याच्या रक्तापासून बनते. त्यामुळे काही पेशंटना रिॲक्शन येते: अंगावर गांधी उठतात, बीपी पडतो, श्वास कोंडतो. ‘इंजेक्शन दिलं आणि माणूस गेला’ हे वाक्य कोणत्याही डॉक्टरला नको असतं. बाहेर पन्नास माणसं उभी असताना तर नकोच.

पण कायदा नेमका उलट बाजूनं बघतो.

1989 सालचं परमानंद कटारा प्रकरण घ्या. स्कूटरवरच्या एका जखमीला जवळच्या रुग्णालयानं ‘पोलीस केस आहे’ म्हणून 20 किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात पाठवलं. तो वाटेतच गेला. सुप्रीम कोर्टानं सांगितलं, डॉक्टर सरकारी असो की खासगी, जीव वाचवणं हे त्याचं पहिलं कर्तव्य, पोलिसांचे सोपस्कार नंतर.

सापाच्या बाबतीतलं उदाहरण 2019 चं, केरळच्या वायनाडमधलं. पाचवीतल्या एका मुलीला वर्गातच साप चावला. तालुका रुग्णालयात तिला लस दिली गेली नाही आणि तिचा मृत्यू झाला. ड्युटीवरच्या डॉक्टरला निलंबित केलं गेलं, पोलिसात गुन्हाही नोंदला गेला. म्हणजे लस दिली म्हणून नव्हे, दिली नाही म्हणून.

मग रिॲक्शन येऊन पेशंट दगावला तर? भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 नुसार उपचारातल्या निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालानं फौजदारी खटल्यासाठी अट घातली आहे: निष्काळजीपणा ढोबळ हवा, आणि पोलिसांनी आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यायला हवं. उपचाराला यश आलं नाही, एवढ्यानं गुन्हा होत नाही. खासगी दवाखान्यावर ग्राहक आयोगात भरपाईचा दावा होऊ शकतो, पण तिथंही प्रश्न हाच असतो की साधारण कुशल डॉक्टरनं जे केलं असतं ते केलं का.

सापाच्या बाबतीत ‘जे करायचं’ ते बऱ्यापैकी ठरलेलं आहे. कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन 20 मिनिटं हलवायचं नाही. गोठलं नाही, तर घोणस किंवा फुरशाचं विष भिनलंय असं धरायचं. नाग आणि मण्यारीसाठी पापण्या आणि श्वासावर लक्ष ठेवायचं. विषाची लक्षणं दिसली की लसीच्या 10 बाटल्या शिरेतून. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही. ॲड्रेनॅलिन आधीच भरून हाताशी. रिॲक्शन आली तर लस थांबवायची, ॲड्रेनॅलिन द्यायचं, सावरला की पुन्हा सुरू. व्हेंटिलेटर लागणार असेल तर पुढे पाठवायचंच, पण लस सुरू करून. आणि लक्षणंच नसतील तर लस न देता 24 तास नजरेखाली ठेवणं हा हलगर्जीपणा नाही, हे नातेवाइकांनीही समजून घ्यायला हवं.

हे सगळं पुण्यातच होतं असं नाही. नारायणगावात डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत अनेक वर्षं सर्पदंशाच्या पेशंटवर उपचार करत आले आहेत.

सही करायला नातेवाईक नसेल आणि पेशंट बेशुद्ध असेल तर? जीव वाचवण्यासाठी सद्भावनेनं, संमतीविना केलेल्या उपचाराला न्याय संहितेचं कलम 30 संरक्षण देतं. पेशंट शुद्धीवर असून नाही म्हणाला, तर मात्र ते लिहून घ्यावं लागतं.

खरी गडबड होते ती कागदावर. ‘पुढील उपचारासाठी रेफर’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी कोर्टात डॉक्टरला वाचवत नाही आणि पुढच्या डॉक्टरला काही सांगत नाही. चिठ्ठीत हवं ते असं: दंश किती वाजता झाला, पेशंट कधी आला, नळीतलं रक्त गोठलं का, किती बाटल्या गेल्या, रिॲक्शन आली का, 108 ला फोन कधी केला.

हेच कागद घरच्यांनाही लागतात. शेतकरी सर्पदंशानं गेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून कुटुंबाला 2 लाख रुपये मिळतात, आणि अर्जासोबत वैद्यकीय कागद जोडावे लागतात. दवाखान्याकडे केसपेपरची प्रत लेखी मागा. मागणी केल्यापासून 72 तासांत ती देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे.